आपल्याकडे, आमच्याकडे

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि पुढे तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात येतो. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. इंग्रजीत हा भेद सर्वनामाने करता येत नाही, हिंदीचे 'हम' दोन्ही कामे उरकते. मराठी माणूस मात्र तो दिवसातून शंभर वेळा बिनचूक करतो आणि आपण काही भेद करीत आहोत याची त्याला जाणीवही नसते. ही जाणीव होण्याचा एक हमखास प्रसंग म्हणजे परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरात देशाहून जुना मित्र राहायला येणे. मग साध्या वाक्यापाशी जीभ अडखळते. पावसाबद्दल, भाजीबद्दल, म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलताना 'आपल्याकडे' म्हणायचे की 'आमच्याकडे'? आणि 'आमच्याकडे' म्हटलेच, तर त्या 'आम्ही'तून नेमके कोणाला वगळले?

हा प्रश्न आम्हाला भाषेइतकाच साहित्याचाही वाटतो. 'पाहुण्याच्या डोळ्यांनी आपले शहर पुन्हा नवे दिसते' असे विधान सर्रास केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पाहुण्यामुळे काहीतरी नव्याने दिसते हे खरे. मात्र ते नव्याने दिसणारे शहरच असते असे नाही. पुष्कळदा दिसते ती त्या शहराची आपल्याला लागलेली सवय, आणि त्या सवयीच्या पोटात दडलेली आपली वर्षे. या दोहोंतला फरक नीट न ओळखल्यामुळे आपले परदेशविषयक लेखन बरेचसे एकाच जागी घोटाळत राहिले आहे, असे आमचे मत आहे.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे आणि तिचा कणा पाहुण्याच्या दृष्टीचा आहे. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चा, पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० ची. मध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, लिहिणाऱ्यांच्या प्रकृतीत तर जमीन-अस्मानाचे. तरीही दोघांची भूमिका परतीच्या वाटेवर डोळा असलेल्या माणसाची आहे: मी हे पूर्वी पाहिले नव्हते, आता तुम्हाला सांगतो. 'अपूर्वाई' हा शब्दच या दृष्टीचे सार आहे. पूर्वी नव्हते, म्हणून अपूर्व. याच्या विरुद्ध टोकाला मराठीत एक फार बोलका वाक्प्रचार आहे, 'अंगवळणी पडणे'. जे अंगाच्या वळणात जाऊन बसले, ते डोळ्यांना दिसेनासे होते. चालताना पायरी मोजावी लागत नाही, अंधारात बटण सापडते, ही सारी अंगवळणाची कामे. लंडनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या मीना प्रभू यांनी आपल्या पुस्तकाला 'माझं लंडन' असे नाव दिले, तेव्हा त्या 'माझं'मध्ये हक्क होता आणि रहिवासही होता. पण असे रहिवाशाचे लेखन आपल्याकडे विरळा. पाहुण्याच्या लेखनाचे मात्र कपाटच्या कपाट भरेल.

समीक्षेचे विद्यार्थी येथे व्हिक्टर श्क्लोव्स्की या रशियन रूपवादी समीक्षकाची आठवण काढतील. १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने मांडले की, सवयीमुळे वस्तू आपल्याला जाणवेनाशा होतात आणि त्यांना अपरिचित करून पुन्हा जाणवून देणे हे कलेचे काम आहे. अपरिचितीकरणाची ही कल्पना आपल्या वर्गांतून आता स्थिरावली आहे. तिच्या आधाराने पाहुणा म्हणजे चालते-बोलते अपरिचितीकरणच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण या मांडणीत सवय ही केवळ बधिरता ठरते. ज्याला आपल्या गावी जन्मापासून सवयी आयत्या मिळाल्या, त्याला हे पटेल. जो तिशीत परक्या देशात उतरला, त्याच्यासाठी सवय ही कमाई असते. पहिल्या वर्षी प्रत्येक दार, प्रत्येक अर्ज, प्रत्येक दुकानदाराचा उच्चार त्याच्या अंगावर येतो. सगळेच अपरिचित असते आणि त्यात कलेचा आनंद काडीचाही नसतो. ते न दिसण्याइतके ओळखीचे होणे, यालाच तो पुढे घर म्हणतो.

आम्ही दोघे २००४ पासून लंडनच्या ईशान्येला, वॉल्थमस्टो या भागात राहतो. व्हिक्टोरिया या भुयारी रेल्वेमार्गाचे हे उत्तरेकडचे शेवटचे स्थानक. आमचा एक मित्र इचलकरंजीचा. घरी माग होते, स्वतः मात्र महाविद्यालयात मराठी शिकवण्यात जन्म घालवून निवृत्त झाला. एका ऑक्टोबरात तो महिनाभरासाठी आमच्याकडे आला. पाहुण्याला दाखवायच्या जागांची आमची यादी तयार होती आणि ती त्याने सौजन्याने पाहून टाकली. मनोरा पाहिला, पूल पाहिला, संसदेच्या घड्याळाखाली छायाचित्र काढले. या जागांनी त्याला फारसे काही दिले नाही, कारण त्या त्याने आधीच पाहिल्या होत्या; पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटांतून, पुलंच्या पानांतून. ज्या गोष्टी त्याला थांबवीत होत्या त्या आमच्या यादीत नव्हत्या.

पहिली गोष्ट पहाट. देशाहून पश्चिमेला आलेल्या माणसाचे शरीर काही दिवस घरच्या घड्याळाने चालते. तिकडचे साडेआठ म्हणजे इकडचे पहाटेचे चार. तो चारला उठून खिडकीशी बसे आणि पाचच्या आत बाहेर पडे. तिसऱ्या दिवशी न्याहारीला म्हणाला, "तुमच्या या शहरात पहाटेची माणसं निराळी आहेत, आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलता ती निराळी." पहाटेच्या बसथांब्यांवर उभी असणारी माणसे म्हणजे कचेऱ्या झाडणाऱ्या बाया, पहारेकरी, रुग्णालयांतले आणि उपाहारगृहांतले कामगार. त्यांतले बहुतेक आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून, पूर्व युरोपातून, आपल्या उपखंडातून आलेले. शहराचे दिवे लागण्याआधी ते शहर पुसून ठेवतात आणि नोकरदार गर्दी उतरायच्या आत परतीच्या बसमध्ये बसतात. त्याने त्यांना लगेच ओळखले, कारण इचलकरंजीत दिवसपाळी आणि रातपाळी यांच्या मधली ती वेळ त्याने जन्मभर पाहिली होती. "ही पाळी सुटायची वेळ," तो म्हणाला. आम्हाला 'पाळी' हा शब्द या शहराच्या संदर्भात वीस वर्षांत सुचला नव्हता. इंग्रजी शब्द ठाऊक होता. पण त्या शब्दात कामगाराच्या पायांचा आवाज नाही.

दुसरी गोष्ट बाजार. वॉल्थमस्टोचा रस्त्यावरचा बाजार सुमारे एक किलोमीटर लांब आहे. तेथे भाजी-फळे तोलून न देता वाडग्यांत मांडून ठेवतात आणि 'पाउंडाला वाडगे' अशी आरोळी असते. आम्ही हा प्रकार नवख्यांना समजावून सांगत आलो आहोत: वजन नाही, घासाघीस नाही, अख्खे वाडगे पिशवीत रिकामे होते. मित्राला समजावण्याची वेळच आली नाही. त्याने पाहिले आणि म्हटले, "म्हणजे वाटा." आठवडी बाजारात टोमॅटोचा, मिरचीचा, वांग्यांचा वाटा लावतात, तसाच. त्या एका शब्दासरशी तो बाजार आमच्यासाठी बदलला. एरवी तो आमच्या डोक्यात इंग्रजी बाजार म्हणून नोंदलेला होता, आता तो केवळ बाजार झाला. म्हणजे येथे पाहुण्याने ओळखीचे अनोळखी केले नाही. आम्ही जे विनाकारण परके म्हणून ठेवले होते, ते त्याने ओळखीचे करून दिले. श्क्लोव्स्कीच्या सिद्धांताला हे उलटे वळण आहे आणि स्थलांतरिताच्या अनुभवात ते वारंवार येते, असा आमचा कयास आहे.

तिसरी गोष्ट कापडाची. कारागीर, कवी आणि समाजवादी विचारवंत विल्यम मॉरिस १८३४ मध्ये वॉल्थमस्टोला जन्मला. त्याचे कुटुंब ज्या घरात काही वर्षे राहिले, त्या घरात १९५० पासून त्याच्या नावाचे कलादालन आहे. तेथे 'स्ट्रॉबेरी थीफ' या १८८३ च्या छापील सुती कापडाच्या नक्षीपुढे मित्र बराच वेळ उभा राहिला. आम्हाला त्या नक्षीतले पक्षी ठाऊक होते. ती नक्षी चहाच्या पेल्यांपासून पडद्यांपर्यंत सगळीकडे छापली जाते. त्याने पाहिले ते कापड. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे, मग जेथे नक्षी हवी तेथला रंग उडवायचा, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी तांबडा, पिवळा भरायचा, अशी ती रीत. नीळ म्हटली की भारतीय माणसाला चंपारण आठवते, तसे त्यालाही आठवले. मग त्याने विचारले, "हा कापूस कुठला?" अशा पाट्यांवर कलावंताचे नाव असते, साल असते, रीतही असते, कापूस कोणत्या शेतातला, हे सहसा नसते. मागवाल्याच्या घरातला माणूसच हा प्रश्न विचारू शकतो.

त्या रंग उडवण्याच्या रीतीत आम्हाला आमच्या विषयाचे मर्म सापडल्यासारखे वाटते. पाहुणा येतो आणि सवयीचा रंग जागोजागी उडवतो. तेथे आकृती उमटते. पण त्याआधी कापड निळीत पूर्ण बुडालेले असावे लागते. कोऱ्या कापडावर रंग उडवून काहीच उमटत नाही. नुसत्या पाहुण्याला म्हणूनच ती आकृती दिसत नाही आणि नुसत्या रहिवाशालाही नाही.

पाहुण्याला काय दिसत नाही, याचीही नोंद करायला हवी, नाहीतर हा लेख पाहुण्याचा पोवाडा होईल. पाहुण्याला जागा दिसते, रहिवाशाला काळ दिसतो. आमच्या भागात एका गृहसंकुलाच्या दर्शनी भागावर जुन्या शर्यतीच्या मैदानाची भली मोठी पाटी आहे. मित्राला ती गमतीदार सजावट वाटली. १९३३ पासून तेथे शिकारी कुत्र्यांच्या शर्यती होत, २००८ मध्ये मैदान बंद झाले आणि पुढे त्या जागी घरे उभी राहिली. ती पाटी पाहताना आम्हाला शनिवारच्या रात्रीची गर्दी दिसते, आणि ती गर्दी पुढे कोठे गेली हा प्रश्नही. तसेच जलाशयांचे. लंडनला पाणी पुरवणारे दहा जलाशय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. २०१७ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी आम्ही वर्षानुवर्षे कुंपणाबाहेरून त्यांचे अस्तित्व वाऱ्याच्या गारव्यावरून ओळखत होतो. मित्राला तेथे सुंदर पाणी दिसले, हिवाळी बदके दिसली. कुंपण दिसले नाही, कारण ते आता नव्हते.

शेजारच्या बाईंची गोष्ट याहून नाजूक आहे. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मित्र दुसऱ्याच दिवशी हळहळला, "एकटीच? मुलंबाळं कोणी नाही?" परदेशी म्हातारपणाविषयी आपल्याकडे जी ठरीव करुणा असते, ती त्या प्रश्नात होती. आम्ही त्याला पडद्याची गोष्ट सांगितली. बाईंच्या पुढच्या खोलीचा पडदा रोज सकाळी नऊच्या आत उघडतो. उघडला नाही तर दार वाजवायचे, हा गल्लीतल्या चार घरांचा न बोलता ठरलेला रिवाज आहे. बाईंनाही तो ठाऊक आहे. कधी कधी त्या मुद्दाम हात हलवतात. पडद्यामागची ही व्यवस्था पाहुण्याला दिसणे शक्य नव्हते. ती ऐकून तो गप्प झाला, आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, "पण तिच्या घरात बसून चहा किती वेळा घेतलात?" इथले शेजारपण बव्हंशी उंबरठ्यावरचे असते. तेथेच खुशाली विचारली जाते, किल्ली ठेवायला दिली जाते, नाताळचे कार्ड हातात पडते. ते खोटे नसते, पण ते उंबरठा ओलांडत नाही. रिवाज आम्हाला दिसत होता, उंबरठा त्याला दिसला. दोन्ही खरे आहे, आणि कोणतेही एक लिहिले तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

त्या महिन्यात आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मित्राने या शहराची स्तुती केली की आम्ही उणे काढू लागायचो. तो रांगेची शिस्त वाखाणी, आम्ही घरभाड्यांचे आकडे सांगू. तो बागांवर खूश होई, आम्ही रुग्णालयांतल्या प्रतीक्षायादीवर येऊ. उलट त्याने नाक मुरडले की आम्ही सावरून घ्यायला पुढे. अंधाराबद्दल त्याने तक्रार केली, तेव्हा तर आमच्या तोंडून निघून गेले, "आमच्याकडे नोव्हेंबरात चारलाच दिवेलागण होते, त्याची मजा निराळी." ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली, त्यावर त्याने "सरकारनं हा तास इतके दिवस ठेवला कुठं होता?" असे विचारून आम्हाला हसवले होते; पण या 'आमच्याकडे'वर तो हसला नाही. भाषेचा मास्तर तो. "काल 'आपल्याकडे' म्हणजे इचलकरंजी होतं," तो म्हणाला, "आज 'आमच्याकडे' म्हणजे लंडन झालं. मी कुठं राहिलो?"

स्तुतीला उणे आणि निंदेला पांघरूण, ही रीत माणूस फक्त एकाच गोष्टीच्या बाबतीत पाळतो, आणि ती म्हणजे स्वतःचे घर. घराला नावे ठेवण्याचा हक्क घरच्यांचा असतो. पारपत्रावर काय लिहिले आहे, मताधिकार कोठे आहे, सणाला काय शिजते, यांवरून स्थलांतरिताची निष्ठा मोजण्याचे पुष्कळ प्रयत्न होतात. त्यांपेक्षा तो कोणत्या जागेची तक्रार हक्काने करतो आणि कोणत्या जागेची तक्रार दुसऱ्याकडून ऐकवत नाही, हे पाहावे. अडचण अशी की बहुतेकांच्या बाबतीत अशा जागा दोन असतात. इचलकरंजीच्या पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी एखादा इंग्रज काही बोलला, तर आम्ही तेथेही सावरून घ्यायला धावू.

मित्राकडे स्वतःचा असा लंडनचा एक नकाशाही होता, आणि तो मराठी होता. त्यावरची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर. विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. पुढे एक वाद झाला. राहण्याच्या घराचे संग्रहालय करण्यास स्थानिक परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो, अशी काही रहिवाशांची तक्रार होती. अखेर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. ही हकिकत सांगताना आम्ही अर्थातच स्मारकाच्या बाजूचे होतो. पण वादाचा मूळ प्रश्न आमच्या विषयाशी विलक्षण जुळणारा आहे: घर हे राहण्यासाठी की पाहण्यासाठी? रहिवासी म्हणतो, ही आमची गल्ली. हजारो मैलांवरून येऊन पायरीशी वाकणारा माणूस म्हणतो, ही आमची जागा. दोघांचे 'आम्ही' एकमेकांना वगळणारे आहे. गंमत अशी की ज्यांच्यामुळे हा वाद झाला, ते स्वतः त्या घरात ना पाहुणे होते ना कायमचे रहिवासी. ते अभ्यासाला आलेले भाडेकरू होते. स्थलांतरिताची खरी अवस्था ही तिसरीच असते आणि तिला आपल्या साहित्यात नीट जागा मिळालेली नाही.

नीट म्हणण्याचे कारण, परंपरेत तिची बीजे आहेत. पठ्ठे बापूरावांनी 'मुंबईची लावणी' लिहिली आणि अण्णा भाऊ साठे यांनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. पहिलीत नव्याने शहर पाहणाऱ्याचे दिपून जाणे आहे; दुसरीत त्याच शहरात घाम गाळलेल्याचा हिशेब आहे. पाहुण्याचा डोळा आणि रहिवाशाचा डोळा हे असे एकाच छंदात समोरासमोर उभे आहेत. कोकणातून, घाटावरून मुंबईला आलेला चाकरमानी आणि त्याच्या खोलीवर गावाहून येणारा पाहुणा, ही जोडी तर मराठी वाचकाच्या घरातली. परदेशाच्या संदर्भात मात्र ही जोडी फुटली. प्रवासवर्णनाने पाहुणा उचलला आणि नवलाई लिहिली. स्थायिकांच्या लेखनाने रहिवासी उचलला आणि पुष्कळदा गावाची हळहळ लिहिली. दोघे एका जेवणाच्या मेजाशी बसून एकमेकांना खोडत आहेत, असे लेखन आमच्या वाचनात क्वचितच आले.

हे कसे करता येते, याचा एक उत्तम दाखला लंडननेच दिला आहे. त्रिनिदादच्या सॅम सेल्व्हन यांची 'द लोन्ली लंडनर्स' ही कादंबरी १९५६ ची. तिची सुरुवातच अशी की शहरात मुरलेला मोझेस हा एका नवख्याला आणायला हिवाळ्याच्या संध्याकाळी वॉटर्लू स्थानकावर जातो. नवखा उतरतो तो सामानाविना, उष्ण देशातल्या पातळ कपड्यांत, आणि थंडी वाजत नाही असे सांगतो. मोझेस वैतागतो आणि त्याला घरी नेतो. या वैतागात कादंबरीची सारी शक्ती आहे. नवख्याचा उत्साह मोझेसला स्वतःची सरलेली वर्षे दाखवतो, आणि मोझेसचा थकवा नवख्याला त्याची येणारी वर्षे. सेल्व्हन यांनी हे सारे कॅरिबियन बोलीचे वळण दिलेल्या इंग्रजीत लिहिले. शहराची भाषा त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. मराठी लेखकापुढे ती अडचणही नाही. त्याची भाषा मुळातच निराळी आहे आणि तिच्यात 'पाळी' आहे, 'वाटा' आहे, 'उंबरठा' आहे. हे शब्द लंडनला लावून पाहण्याचे धाडस तेवढे हवे.

येथे एक आक्षेप येईल. मराठी शब्द लावल्याने परके शहर खोटेच आपले होते, वाडग्याला वाटा म्हटल्याने त्यातला निराळेपणा पुसला जातो, असे कोणी म्हणेल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे शब्द कोठे बसत नाही हेही त्याच प्रामाणिकपणे नोंदवणे. याचे उदाहरण बाकांचे आहे. लंडनच्या बागांतून, टेकड्यांवर लाकडी बाक असतात आणि त्यांवर छोट्या पट्ट्या: अमुक बाई, जन्म-मृत्यूची साले, आणि तिला ही जागा फार आवडत असे, अशा अर्थाचे एक वाक्य. मित्राने प्रथम म्हटले, "आपल्याकडेही असतं, 'स्मरणार्थ'." आणि मग स्वतःच थांबला. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पंख्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असते, पण त्याखाली देणाऱ्याचे नाव ठळक असते. मृताला काय आवडे, हे तेथे नसते. इथल्या पट्टीवर बहुधा देणारा अदृश्य असतो आणि मृताचा त्या जागेशी असलेला जिव्हाळा लिहिलेला असतो. 'स्मरणार्थ' हा शब्द येथे अर्धाच बसतो, आणि उरलेल्या अर्ध्यात दोन समाजांच्या स्मरणाच्या रीतींमधला फरक आहे.

त्याच बाकावर बसून त्याने विचारले, "तुमचा बाक कुठं असेल?" त्याला तो प्रश्न जड करायचा नव्हता. पण परदेशी राहणाऱ्या आमच्या पिढीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. राहायचे कोठे, हा प्रश्न नोकरीने, मुलांच्या शाळेने, सवयीने सोडवलेला असतो. मेल्यावर कोठे असायचे, हा प्रश्न सवय सोडवू शकत नाही. पंचगंगेत अस्थी जाव्यात असे म्हणावे, तर तेथे आपल्या नावाने थांबणारे आता कोणी राहिलेले नाही. जलाशयाकाठी पट्टी असावी असे म्हणावे, तर तीवरचे वाक्य कोणत्या भाषेत? मराठीत लिहिले तर येथे वाचणार कोण, आणि इंग्रजीत लिहिले तर ते आमचे कसे? आम्ही दोघांनी त्याला दोन निरनिराळी उत्तरे दिली, यावरून प्रश्नाची खोली कळावी.

पाहुण्यामुळे शहर नवे दिसते, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या लेखनाला हा प्रश्न भेटत नाही. नवलाई मरणापर्यंत पोचत नाही. गावाच्या आठवणींत रमणाऱ्या लेखनालाही तो भेटत नाही, कारण त्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. तो भेटतो तो सवय आणि प्रश्न समोरासमोर बसल्यावर. तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि लिहू पाहणाऱ्यांना आमची एवढीच विनंती की, परदेशावरचे मराठी लेखन वाचताना त्यातली सर्वनामे मोजावीत. लेखक 'आपल्याकडे' कोठे म्हणतो, 'आमच्याकडे' कोठे म्हणतो, आणि कोणत्या वाक्यात त्याची जीभ अडखळते, ते पाहावे. जेथे अडखळत नाही ते लेखन सुबक असेल, मनोरंजकही असेल. पण स्थलांतराचा अनुभव बहुधा त्याच्या बाहेर राहिलेला असेल.